सकाळी संत्रं, दुपारी लवंग, रात्री व्हॅनिला

माझी पहिली महागडी बाटली मी पाच मिनिटांत पसंत केली. इंदूरच्या विजयनगर भागातल्या एका मॉलमध्ये काउंटरवरच्या मुलीने मनगटावर फवारा मारला, ताज्या संत्र्याची साल नखाने सोलावी तसा वास उडाला आणि मी पैसे मोजून मोकळी झाले. रामबागेत घरी पोचायला ट्रॅफिकसकट पाऊण तास लागला. दार आत्याने उघडलं. तिने नाक वर केलं आणि काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का गं? लवंगेचं तेल लावलंयस वाटतं."

संत्रं वाटेतच कुठेतरी उतरून गेलं होतं. मनगटावर उरली होती लवंग, नुसती लवंग. आपण तीही विकत घेतलीय, हे मला माहीतच नव्हतं.

दुकानाची यात काही चूक नाही. सिट्रस (म्हणजे संत्रं-लिंबू वर्गातले वास) आणि गरम मसाले एकत्र असलेलं परफ्यूम असंच असतं. बाटली एक, पण दिवसभरात वास तीन-चार. त्यातला पहिला सगळ्यांत लाघवी आणि सगळ्यांत आधी जाणारा. दुकानात आपली भेट होते ती या पहिल्याशी, आणि पुढे वर्ष-दीड वर्ष संसार करायचा असतो बाकीच्यांशी. म्हणून परफ्यूम नव्यानेच घ्यायला निघालेल्यांसाठी सांगते, की घेण्याआधी ते एक अख्खा दिवस अंगावर कसं बघावं. यात शास्त्र गरजेपुरतं आहे, आत्या बरीच आहे.

कुठल्या घराण्याबद्दल बोलतेय

खोक्यावरची किंवा वेबसाइटवरची यादी वाचा. वर बर्गामोट (संत्र्या-लिंबाच्या जातीचं एक कडवट फळ), मँडरिन, संत्रं, लिंबू, ग्रेपफ्रूट. मधे मिरी, वेलची, जायफळ, दालचिनी, लवंग, आलं. खाली व्हॅनिला, अंबर, टोंका (गोडसर वासाचं एक बी), चंदन, पॅचुली (मातकट वासाचा पाला), लोबान असं काही दिसलं तर तुम्ही योग्य कपाटासमोर उभे आहात. यातला सगळ्यांत ओळखीचा नमुना आपल्यापैकी अनेकांच्या घरी बाबांच्या दाढीच्या सामानात असायचा. ओल्ड स्पाइस पुरुषांसाठी १९३८ साली अमेरिकेत बाजारात आलं. संत्रं, जायफळ, दालचिनी, लवंगेच्या वळणावर जाणारं कार्नेशनचं फूल आणि तळाशी व्हॅनिला, अशी त्याची घडण. दाढी झाल्या झाल्या बाबा जवळून गेले की यायचा तो वास वेगळा आणि संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला असायचा तो वेगळा, एवढं लहानपणीच कळलेलं असतं. गेरलँचं १९२५चं शालिमार याच वाटेच्या दुसऱ्या टोकाला आहे: वर भरपूर बर्गामोट, खाली भरपूर व्हॅनिला. आणि एर्मेसचं २००६चं तेर द'एर्मेस उभं आहे संत्रं, मिरी आणि वाळ्यावर, त्यात गोडवा जवळजवळ नाहीच. गरम म्हणजे गोडच असं नसतं, हे कळायला शेवटची दोन शेजारी-शेजारी हुंगून बघावीत.

इंदूरच्या माणसाला हे मिश्रण समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरून वर लिंबू पिळलं की पहिल्या वाफेला लिंबू येतं आणि जिरं, लवंग, सुंठ मागून येऊन बसतात. हिवाळ्यात सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेल्या गराडू या कंदावर तोच मसाला आणि तेच लिंबू. परफ्यूममध्ये हाच प्रकार आठ-दहा तास चालतो, एवढाच फरक.

शब्दांचे दोन घोळ आधीच मिटवून टाकते. आपल्या घरात ऊद म्हणजे निखाऱ्यावर घालतो तो लोबान. परफ्यूमवाले ऊद म्हणतात ते अगरूचं लाकूड. झाड वेगळं, वास वेगळा, किंमत तर फारच वेगळी. दुसरा अंबर. अंबर नावाचा एकच एक पदार्थ बाटलीत नसतो. लॅबडॅनम नावाचा डिंक, लोबान आणि व्हॅनिला एकत्र आणून तो ऊबदार गोडसर वास जुळवलेला असतो. देवमाशापासून मिळणाऱ्या अंबरग्रीसशी त्याचं नातं नावापुरतं.

आधी एक दिवस स्वयंपाकघरात

दुकानात जायच्या आधी घरीच नाक तयार करा. खर्च काही नाही. आगर-माळव्याची संत्री आली असतील तर एक सोला आणि सालीचा तुकडा रंगीत बाजू बाहेर ठेवून डाव्या तळहातावर दुमडा. बारीक फवारा उडेल. मेणबत्तीसमोर साल पिळून ठिणग्या काढायचा खेळ ज्यांनी खेळलाय त्यांच्या हा ओळखीचा आहे. सालीच्या बारक्या पिशव्यांत साठलेलं ते तेल असतं आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन या एकाच द्रव्याचा असतो. उजव्या तळहातावर एक लवंग चुरून हलकेच चोळा (त्वचा नाजूक असेल तर कागदावर चोळा). आता हात न धुता बसा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हुंगा. संत्रं अर्ध्या तासात निरोप घेतं. लवंग जेवायला बसलात तरी पानाशी असते.

कारण साधं आहे. लिमोनीन साधारण १७६ अंश सेल्सियसला उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५४ला आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन २८५ला. अंगावर अर्थातच काही उकळत नाही, त्वचा असते ३२-३३ अंशांवर. पण ज्याचा उत्कलनबिंदू खाली, ते सहसा आधी उडून जातं. बाटलीतलं अल्कोहोल ७८ अंशांचं, म्हणून ते मिनिटभरात दिसेनासं होतं. आधी जाणाऱ्यांना टॉप नोट्स म्हणतात, मधल्यांना मिडल, रेंगाळणाऱ्यांना बेस. आणि सगळं निवल्यावर अंगावर जे उरतं त्याला ड्रायडाउन. मराठीत 'निवळ' म्हणावं असं मला वाटतं, पण ऐकतो कोण.

हे तीन मजल्यांचं चित्र सगळीकडे दाखवतात, त्याने मात्र नवशिके फसतात. पहिला मजला संपला की दुसऱ्याचा दिवा लागतो, असं काही होत नसतं. सगळी द्रव्यं पहिल्या सेकंदापासून एकदमच उडायला लागतात, कमी-जास्त वेगाने. व्हॅनिला सुरुवातीलाही असतेच, संत्र्याच्या आवाजात ती ऐकू येत नाही. तंबोरा गाण्याआधीपासून लागलेला असतो, पण तो कानावर येतो गवई श्वास घेतो तेव्हा. इंदूरच्या अमीर खाँ साहेबांची अतिविलंबित बढत ज्यांनी धीराने ऐकलीय, त्यांना हे परफ्यूम जड जाणार नाही.

स्वयंपाकघर सोडण्याआधी अजून एक प्रयोग करा, हा मला सगळ्यांत उपयोगी पडला. मसाले सगळे सारखे टिकत नाहीत. सियागंजातून आणलेल्या मसाल्यांतले वेलची, मिरी, दालचिनी आणि लवंग थोडे-थोडे कुटून चार कागदांवर ठेवा आणि दोन-तीन तासांनी परत या. वेलची आणि मिरीतला वरचा चुरचुरीत भाग मंदावलेला असेल, दालचिनी आणि लवंग ठाण मांडून असतील. वेलचीत सिनिओल असतं, निलगिरीच्या तेलात असतं तेच. त्यामुळे वेलची गरम मसाल्यात मोडत असूनही नाकाला गार लागते. म्हणजे यादीत 'मसाले' एवढंच वाचून भागत नाही. वेलची-मिरीवाल्या परफ्यूमची दुपार हलकी जाते, लवंग-दालचिनीवाल्याची दुपार भारी. माझ्या त्या पहिल्या बाटलीच्या यादीत लवंग ठळक लिहिलेली होती. मी वाचली नव्हती.

दुकानात

कागदी पट्टीवर हवी तेवढी हुंगा, अंगावर मात्र दोनच, एक डाव्या हाताला आणि एक उजव्या. पट्टी खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलते. कागदाला अंगाची ऊब नसते, तेल नसतं, घाम नसतो, म्हणून त्यावर सिट्रस जास्त वेळ ताजं राहतं आणि आपण हुरळतो. पट्टीवर नाव आणि वेळ लिहून ती पर्समध्ये टाका. घरी हाताशी ताडून बघायला कामाला येते.

काउंटरवरचं आवडतं वाक्य म्हणजे "मॅडम, लाँग लास्टिंग है, आठ घंटे कहीं नहीं जाएगा." यावर विचारायचा प्रश्न असा, की आठ तास टिकणार ते काय? संत्रं की व्हॅनिला? संत्रं आठ तास टिकवून दाखवणारी बाटली मला अजून भेटलेली नाही. बाटलीवर काय लिहिलंय तेही बघा. कलोनमध्ये सुगंधी अर्काचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, ओ द तॉयलेतमध्ये ५ ते १५, ओ द पार्फममध्ये १५ ते २०. या सीमा काटेकोर नाहीत, कंपनीगणिक हलतात. कलोन तासाभरात गेलं म्हणून तक्रार करण्यात अर्थ नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरिना या इटालियन गृहस्थाने जर्मनीतल्या कलोन शहरात ज्या सुगंधी पाण्याचा धंदा मांडला, ते मुळातच उडून जाणाऱ्या ताजेपणासाठी होतं.

अत्तराचं गणित निराळं. कनौजच्या जुन्या पद्धतीत देगेत फुलं किंवा मसाले उकळतात आणि वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात. अल्कोहोल नाही, त्यामुळे तो पहिला फटाकाही नाही. कानात ठेवलेला फाया सकाळी जे बोलतो, साधारण तेच संध्याकाळी हळू आवाजात बोलतो. आमच्याकडच्या लग्नात अत्तर-गुलाब घेऊन दारात उभं राहायचं काम लहानपणापासून माझं, त्यामुळे वास दिवसभर एकसारखाच राहतो अशी माझी समजूत होती. स्प्रेने ती मोडली.

शक्य असेल तर त्या दिवशी काहीच विकत घेऊ नका. २ किंवा ५ मिलिलिटरची छोटी कुपी मागा. काही दुकानं देतात. ऑनलाइन डिकँट म्हणून भरून मिळतात, फक्त खात्रीच्या माणसाकडून घ्या. कुपीत किमान चार-पाच दिवसांचं लावणं होतं आणि तेवढं पुरतं.

लावायचं कसं

आंघोळ झाल्यावर, अंग पूर्ण कोरडं करून. त्या दिवशी साबण शक्यतो बिनवासाचा किंवा मंद वासाचा. चंदनाच्या साबणावर चंदनाचं परफ्यूम लावलंत तर कुणाचं कौतुक करताय ते कळणार नाही. दिवाळीच्या पहाटे तर ही चाचणी अजिबात नको. उटण्यात वाळा, नागरमोथा, कचोरा आणि बऱ्याचदा संत्र्याची वाळलेली सालही असते. उटणं स्वतःच या घराण्यातलं आहे!

त्वचा कोरडी असेल तर बिनवासाचं लोशन किंवा किंचित व्हॅसलीन आधी लावा. तेलकट थरात सुगंधी द्रव्यं मुरतात आणि सावकाश सुटतात. कोरड्या कातडीवरून ती सरळ उडतात. डिसेंबर-जानेवारीत इंदूरच्या हवेत ओठ फुटतात तेव्हा हा फरक मला चांगलाच जाणवतो. खोबरेल लावू नका, त्याला स्वतःचा वास आहे.

फवारा एकच, वीतभर अंतरावरून, कोपराच्या आतल्या खळीत. मनगट सगळे सुचवतात, पण मनगट आपण सारखं धुतो, त्यावर घड्याळ असतं, बांगड्या असतात, आणि लावल्या लावल्या दोन्ही मनगटं एकमेकांवर घासायची खोड जात नाही. घासल्याने सुगंधाचे रेणू मोडतात असं सांगतात, तसं काही नाही. घासल्यावर जागा गरम होते, थर पसरतो आणि आधीच घाईत असलेलं सिट्रस आणखी लवकर निघून जातं. बस, एवढंच. पण या जातीत तेवढंही महाग पडतं.

डिसेंबरातल्या एका रविवारची वही

वही ठेवाच. फोनमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण लिहायचं ते स्वतःच्या शब्दांत. 'मोहक', 'रॉयल' असले शब्द बाद. कशासारखा वास येतोय तेवढंच लिहायचं. माझ्या एका चाचणीचं हे टिपण, जरा झाडून-पुसून.

सकाळी ९.१०ला फवारा. पहिलं मिनिटभर हुंगलं नाही, कारण तेव्हा नाकात जातं ते अल्कोहोल. ९.१२ला संत्रं, आणि त्याच्यामागे कडवट, हिरवं, चहासारखं काहीतरी. ते बर्गामोट. हे फळ मुख्यतः इटलीच्या दक्षिणेला कलाब्रियात पिकतं, आणि अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो याच्याच सालीचा. त्याच्या तेलात लिनालिल अॅसिटेट भरपूर असतं, लॅव्हेंडरमध्येही असतं ते, म्हणून बर्गामोट लिंबासारखं टोचत नाही, जरा मऊ पडतं. ९.२५ला मिरी. शिंक येईल असं वाटतं, येत नाही.

९.४०ला मी चूक केली. पोहे खायला बाहेर पडले. ठेल्यावर जीरावनाचा आणि कांद्याचा एवढा दरवळ, की हातावरचं काय आणि ताटलीतलं काय हे मला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. चाचणीच्या दिवशी पोहे आधी खाऊन घ्या. (पोहे सोडा असं मी इंदुरात राहून म्हणणार नाही.)

१०.१५ला घरी. संत्र्याची फक्त आठवण उरलेली, वेलची गारगार आणि स्पष्ट. १०.५०पासून लवंग वर यायला लागली आणि ११.३०ला ती एकटीच होती. हाच तो दाढदुखीचा तास. दातांच्या दवाखान्याची आठवण येते त्याला कारणही आहे. दंतवैद्य जे युजेनॉल वापरतात, तेच लवंगेच्या तेलात मुख्य असतं.

या तासाबद्दल जरा जास्त सांगते, कारण माझ्या मते सगळा निकाल इथे लागतो. वरचं सिट्रस गेलेलं असतं आणि खालची ऊब अजून पुरती वर आलेली नसते. मसाला उघडा पडतो. चांगल्या बनावटीच्या परफ्यूममध्ये हा तास सांभाळायला कुणीतरी असतं, थोडं फूल, थोडं लाकूड, मसाल्याला धरून ठेवणारं. ढिसाळ परफ्यूममध्ये कुणीच नसतं, आणि आपण सव्वा तास लवंगेचा डबा घेऊन फिरतो. बहुतेक जण याच वेळी हात धुऊन टाकतात आणि परफ्यूमला नावं ठेवतात. धुऊ नका. पण हा तास तुम्हाला सोसतो का, हे प्रामाणिकपणे लिहा. ऑफिसात पोचायची तुमची वेळ आणि या परफ्यूमचा हा तास एकच असेल, तर लोक तुम्हाला याच वासाने ओळखणार आहेत. मला तो सोसत नाही असं कळल्यावर मी लावायची वेळच बदलली. आता बाहेर पडायच्या दीड तास आधी लावते, दाढदुखी घरी उरकून घेते.

१२.३०ला पहिल्यांदा गंमत आली. लवंगेखालून व्हॅनिला वर सरकली आणि दोघी मिळून तिसराच वास झाला, जायफळ किसून घातलेल्या गरम पुरणाचा. मला हा टप्पा सगळ्यांत प्रिय आहे. तो साधारण दोन तास राहिला. दुपारी ३ला गोडवा मागे आणि चंदनासारखं कोरडं लाकूड पुढे, पण आता हात नाकाशी नेल्याशिवाय काही कळत नव्हतं.

संध्याकाळी ६ला मी वहीत 'संपलं' असं लिहिलं. पाच मिनिटांनी आत्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आज छान वास येतोय गं तुला, कसला आहे?" ती बसली होती हातभर अंतरावर.

रात्री १०ला सराफ्यात गराडू खाताना शालीचं टोक नाकाशी आलं. व्हॅनिला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कुर्त्याच्या बाहीवरही होती, सोबत जुन्या लाकडी कपाटाचा एक वास. कपड्यावर परफ्यूम अंगापेक्षा जास्त टिकतं, त्यामुळे या दोन नोंदी वेगळ्या धरायच्या.

आत्याला येतो आणि मला नाही, असं का

दोन कारणं. एकतर नाक एकाच वासाला सरावतं आणि त्याची वर्दी द्यायचं सोडून देतं. त्यावर कॉफीच्या बिया हुंगायला देतात दुकानात. नुसत्या साध्या हवेपेक्षा त्याने काही जास्त साधत नाही. दोन मिनिटं दुकानाबाहेर उभं राहा किंवा स्वतःच्या दंडाची बिनपरफ्यूमची जागा हुंगा. दुसरं कारण कस्तुरीचं. हल्लीच्या परफ्यूममध्ये तळाशी कृत्रिम कस्तुरी असते, तिचे रेणू मोठे असतात आणि काही लोकांच्या नाकाला त्यातल्या काही जाती अजिबात कळत नाहीत. नाक धडधाकट, तेवढाच एक वास गैरहजर. म्हणून 'टिकत नाही' असं ठरवून चार फवारे वाढवण्याआधी घरातल्या कुणाला तरी विचारा. बंद गाडीत तुमच्या शेजारी बसणारा माणूस तुम्हाला दुवा देईल.

हवामान

वरची वही डिसेंबरची आहे, मेमध्ये ती उपयोगाची नाही. पारा चाळिशीला गेला की सगळे टप्पे एकमेकांच्या अंगावर येतात. संत्रं दहा मिनिटांत जातं, लवंग ओरडते आणि व्हॅनिला घामात मिसळून चिकट होते. उन्हाळ्यात मी याच घराण्यातली वेलची-मिरी-वाळावाली हलकी भावंडं वापरते आणि लवंग-व्हॅनिला थेट दिवाळीनंतर काढते. माळव्यातल्या रात्री उन्हाळ्यातही निवतात, त्यामुळे रात्रीच्या लग्नाला अर्धा फवारा चालून जातो, दुपारच्या मुंजीला नाही. पावसाळ्यात वास दमट हवेत जड होऊन आसपासच घुटमळतो, तेव्हाही हात आखडताच बरा.

स्कूटीवर तोंडाला ओढणी गुंडाळून फिरणाऱ्या आम्हा मुलींना खास सूचना. मानेवर स्प्रे मारून लगेच ओढणी बांधू नका. अल्कोहोल आणि मसाला दोन्ही आतच कोंडतात आणि राजवाड्यापर्यंत डोकं दुखायला लागतं. दहा मिनिटं थांबा, नाहीतर कोपराच्या खळीतच राहू द्या.

अंगाला आणि कपड्याला जपा

बर्गामोटच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचं द्रव्य असतं. ते अंगावर असताना कडक ऊन लागलं तर तिथे भाजल्यासारखा चट्टा उठतो आणि पुढे काळपट डाग राहू शकतो. कागदी लिंबाच्या सालीच्या तेलाचंही तसंच. नामांकित परफ्यूममध्ये बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात किंवा प्रमाण फार कमी ठेवतात. धोका जास्त आहे तो घरी शुद्ध तेलं आणून अंगावर चोळणाऱ्यांना, आणि हल्ली ते फॅड बरंच आहे. दिवसा परफ्यूम कपड्याखालच्या जागी लावलेलं बरं.

दालचिनी आणि लवंगेने काहींना खाज सुटते. खोक्यावर लिमोनीन, लिनालूल, युजेनॉल, सिनामल अशी नावं दिसली तर घाबरू नका, ती भेसळ नव्हे. अॅलर्जी होऊ शकते अशी द्रव्यं जाहीर करायचा युरोपात नियम आहे, त्यातली ती नावं. पण पूर्वी कधी त्रास झाला असेल तर पहिल्या दिवशी कोपराच्या खळीत एक ठिपका लावून दोन दिवस वाट बघा.

आणि माहेश्वरी किंवा कुठल्याही फिक्या रेशमावर हे परफ्यूम कधीही नाही. व्हॅनिलिन असलेला द्रव काळाबरोबर तपकिरी होत जातो. माझ्या आईच्या मोतिया माहेश्वरीच्या पदरावर रुपयाएवढा एक डाग आहे, तो माझा आहे, आणि दर लग्नसराईत त्याचा उल्लेख होतो.

घ्यायची झाली तर

चार-पाच दिवसांच्या नोंदी समोर ठेवा आणि सकाळच्या ओळी हाताने झाका. उरलेलं वाचून अजूनही हवीशी वाटली, तर सगळ्यात लहान बाटली घ्या. ३० मिलिलिटर मिळत असेल तर १००च्या मागे लागू नका, मिलिलिटरमागे ती महाग पडली तरी. सिट्रस ही या बाटलीतली सगळ्यांत आधी बिघडणारी गोष्ट आहे. हवा आणि उजेड लागून लिमोनीनचं ऑक्सिडीकरण होतं, ताज्या संत्र्याच्या जागी टर्पेंटाइनसारखा, रंगकामाच्या घराचा वास यायला लागतो, आणि असं बिघडलेलं लिमोनीन त्वचेलाही जास्त झोंबतं. रंग गडद होणं मात्र बहुतेक वेळा व्हॅनिलाचं काम असतं, त्यावरून बाटली टाकू नका. पहिली दोन मिनिटं हुंगून ठरवा.

बाथरूमच्या फडताळात आणि खिडकीत बाटली ठेवायची नाही. खोक्यातच, कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवा. उन्हाळ्यात काही शौकीन फ्रिजमध्ये ठेवतात. मीही एकदा ठेवली होती, दाराच्या कप्प्यात, लिंबाच्या सरबताच्या बाटलीशेजारी. आत्याने तासाभरात आणून माझ्या टेबलावर ठेवली. "श्रीखंडाला तुझ्या दाढेचा वास लागेल," म्हणाली.